समेट, तडजोड, सलोखा, मिटवणं : कुठला शब्द कुठं लागतो

तासगाव तालुक्यातल्या एका मुलाचा प्रश्न आहे, आधी तो थोडक्यात सांगते. त्याचे वडील आणि थोरले चुलते यांच्यात बांधावरनं आणि सामाईक विहिरीच्या पाळीवरनं चार वर्षं अबोला आहे, दिवाणी दावा चालू आहे. आता चुलत्यांनी, म्हणजे ह्याच्या तात्यांनी, निरोप धाडलाय की समेट करूया. वडील म्हणतात समेटाला माझी ना नाही पण तडजोड मी करणार नाही. पोराला कळेना की ह्यात फरक काय, शब्दकोशात बघितलं तर दोन्हीचा अर्थ जवळपास सारखाच दिलाय. मग कोर्टात लिहून देताना कुठला शब्द घालायचा आणि तात्यांना मेसेज करताना कुठला, असं त्यानं विचारलंय.

मी सांगलीत गेली 24 वर्षं वकिली करते आणि त्यातली बरीच वर्षं कोर्टाच्या मध्यस्थी केंद्रात मध्यस्थ म्हणून पण बसते. त्यासाठी आम्हाला 40 तासांचं ट्रेनिंग असतं, कुणाला आधी बोलू द्यायचं, एकेकट्याशी कधी बोलायचं, स्वतः कधी गप्प बसायचं हे सगळं त्यात शिकवतात. पण कुठल्या शब्दाला माणूस खुर्चीतनं उठून जातो आणि कुठल्या शब्दाला परत येऊन बसतो हे त्या खोलीतच कळत गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या वडलांची काही गल्लत होत नाहीये, ते अगदी बरोबर बोलतायत. समेट माणसामाणसात होतो आणि तडजोड एखाद्या गोष्टीवर होते. कशाची तडजोड, किती तडजोड असं आपण विचारतो, दराची तडजोड, हिश्श्याची तडजोड. समेटाला असं किती म्हणून विचारता येत नाही, कुणाकुणात झाला एवढंच विचारतात. म्हणजे वडील तुम्हाला सांगतायत की भावाशी बोलायला मी तयार आहे पण बांध जिथं आहे तिथनं हलवणार नाही. त्यांनी दोन शब्दांत पूर्ण म्हणणं मांडलंय, तुम्ही तात्यांकडं हेच्या हे पोचवलंत तरी बोलणी कुठनं सुरू करायची ते कळेल.

आणि तडजोड ह्या शब्दाला एक वासही लागलाय. "तत्त्वाशी तडजोड करणार नाही" हे आपण प्रत्येक निवडणुकीच्या सभेत ऐकत आलोय, तत्त्वाशी समेट करणार नाही असं मात्र कोण म्हणत नाही. त्यामुळं जुन्या माणसांच्या कानाला तडजोड म्हणजे काहीतरी विकल्यासारखं लागतं. माझ्यासमोर घडलेली एक गोष्ट सांगते (मध्यस्थीत बोललेलं बाहेर सांगायचं नसतं, म्हणून ओळख पटेल असं सगळं बदललंय, शब्द तेवढे तसेच ठेवलेत). दोघं सख्खे भाऊ, भांडण दोन गुंठ्यांचं, तीन वर्षं एकमेकांच्या दारात गेलेले नाहीत. धाकटा नोकरीवाला, त्यानं अगदी चांगल्या मनानं सुरुवात केली, "दादा, मी तडजोडीला तयार आहे." थोरला ताडकन उठला. "तडजोड कशाची? मी काय तुजं लुबाडलंया व्हय?" आणि तसाच दारापर्यंत गेला. धाकट्याला कळेना आपण काय वाईट बोललो. त्याच्या ऑफिसात तडजोड म्हणजे शहाणपण, थोडं तू सोड थोडं मी सोडतो. थोरल्याला ऐकू आलं ते असं की तू खोटा आहेस, पण जाऊ दे, मी थोडं सोडतो.

थोरल्याची बायको मागच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेली होती. ती नवऱ्याला काहीच बोलली नाही. दिराला म्हणाली, "भावजी, पुढल्या आठवड्यात हळद शिजवायला घ्यायची हाय, काईल मिळंना झालीया, तुमी बघताय का कुठं?" (काईल म्हणजे शिजवायची मोठी कढई.) तो म्हणाला, "बघतो वैनी." तर दारात पाठमोरा उभा असलेला थोरला न वळताच म्हणाला, "मोठी आण. मागं बारकी आणलीवतीस." तीन वर्षांत तो भावाशी पहिल्यांदा थेट बोलला तो हा. मग येऊन बसला, आणि मग मी मोजणीचा नकाशा टेबलावर पसरला. दोन तासांनी कागद तयार झाला त्यावर वरच मोठ्या अक्षरात तडजोड लिहिलेलं होतं, मी वाचून दाखवताना मुद्दाम थांबले, तर थोरला म्हणाला, "कोर्टाची भाषा हाय, असू दे." शब्द तोच, पण तोंडावर आलेला आणि कागदावर आलेला ह्यात एवढा फरक पडतो.

तर तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग, कोर्टात मात्र तडजोडच लिहायचं. दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर 23 नियम 3 आहे, त्याखाली दोन्ही बाजूंनी लेखी आणि सह्या करून दिलेली कायदेशीर तडजोड कोर्ट नोंदवून घेतं आणि त्याप्रमाणं हुकूमनामा करतं. आपल्याकडं त्या कागदाला तडजोड पुरसीस म्हणतात. जुन्या कागदात ह्यालाच राजीनामा म्हटलेलं सापडतं, राजी झाल्याचा कागद म्हणून राजीनामा, आता तो शब्द नोकरी आणि खुर्ची सोडण्यापुरताच उरलाय. लोकअदालतीत मिटवलंत तर 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 21 प्रमाणं तो निवाडा हुकूमनाम्यासारखाच धरतात, भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि त्यावर अपील नाही. अपील नाही हे चांगलं पण आहे आणि जपून राहण्यासारखं पण आहे, कारण कागदावर ढिसाळ शब्द गेला की तो तसाच राहतो.

ढिसाळ म्हणजे कसा ते सांगते. सुरुवातीच्या वर्षांत एका विहिरीच्या भांडणाचा कागद मी बघितला, दुसऱ्या कुणी केलेला, त्यात लिहिलं होतं "उभयतांनी सलोख्याने पाणी घ्यावे". वाचायला किती छान. पावसाळा गेला, थंडी गेली, मार्च उजाडला, विहिरीत पाणी हाताभर राहिलं आणि सलोख्याने म्हणजे किती तास हे कुणालाच माहीत नाही. परत काठ्या निघाल्या. तुमच्या कागदात सोमवार ते बुधवार कोण, गुरुवार ते शनिवार कोण, रविवारचं काय, रात्रीची लाईट असली तर पाळी कशी धरायची, मोटर जळली तर निम्मं निम्मं का एकानं, वीजबिल कुणाच्या नावावर येतं आणि दुसरा त्याला कधी पैसे देणार, बांधाला खुणा कुठल्या नंबरच्या मोजणीप्रमाणं, हे सगळं पाहिजे. तडजोड हा आकड्यांचा शब्द आहे, त्यात आकडे घाला, आणि प्रेम, आपुलकी, सलोखा हे कागदात घालू नका, ते घरात लागतं.

सलोखा हा शब्द मला स्वतःला फार आवडतो. फारसीकडून आपल्याकडं आलाय, पेशवाईतल्या पत्रांत सलूख असा सापडतो आणि तिथं त्याचा अर्थ चक्क तह, लढाई थांबवणं असा आहे. आज मात्र सलोखा ही एक घटना राहिलेली नाही, ती अवस्था झालीय. सलोखा एका दिवसात होत नाही, असतो, राहतो, राखतात, बिघडतो. समेट झाल्यावर पुढं वर्षानुवर्षं जे चालतं ते सलोखा. म्हणून गावात सलोखा म्हणतात, जातीय सलोखा म्हणतात. गणपती आणि ईद जवळ आली की मिरजेत काय साताऱ्यात काय पोलीस स्टेशनला शांतता कमिटीची बैठक होते, तिथं शांतता पण म्हणतात आणि सलोखा पण, आणि दोन्ही वेगळेच. शांतता म्हणजे गडबड नको. सलोखा म्हणजे मिरवणूक दारावरनं जाताना पाणी घेऊन उभं राहणं. बाय द वे शांत करणे हे आपल्याकडं भांडणाला फारसं चालतच नाही, घराची शांत, ग्रहांची शांत असंच म्हणतो. भांडणाऱ्याला "शांत व्हा" म्हटलं की तो आणखीनच चिडतो हे मी रोज बघते.

सलोख्याचं नाव निघालंय तर एक कामाची गोष्ट. राज्य सरकारची 2023 पासूनची सलोखा नावाचीच योजना आहे. एकाची जमीन दुसऱ्याच्या वहिवाटीत आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, असा ताबा किमान 12 वर्षं असेल तर दोघांनी आपापसात अदलाबदलीचा दस्त करायचा, त्याला मुद्रांक शुल्क 1000 रुपये आणि नोंदणी फी 1000 रुपये एवढंच. तलाठी पंचनामा करतात. वाटणीच्या वेळी तोंडी तुकडे बदलले आणि सातबारा तसाच राहिला अशी घरं आपल्याकडं गल्लीगल्लीत आहेत. तुमच्यात तसं असेल तर बांधाचं निम्मं भांडण तिथंच संपेल, योजनेची मुदत आत्ता चालू आहे का ते मात्र तलाठ्यांकडं विचारून घ्या.

तह हा शब्द घरात वापरू नका. तह राजांचा असतो, त्याला कलमं असतात, आणि तहात कुणीतरी हरलेलं असतं असा आपल्या मनात पक्का समज आहे, युद्धात जिंकलं आणि तहात हरलं असं आपण सहज म्हणतो. पुरंदरचा 1665 चा तह म्हटलं की पहिल्यांदा दिलेले 23 किल्लेच आठवतात. तरी एक तह आपल्या भागातला असा आहे की मी भावकीच्या प्रत्येक केसमध्ये मनातल्या मनात तो आठवते, 1731 चा वारणेचा तह. साताऱ्याचे शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजी महाराज, दोघं चुलत भाऊ, आणि वर्षानुवर्षांच्या भांडणानंतर बांध म्हणून धरली ती वारणा नदी, उत्तरेला एकाचं आणि दक्षिणेला दुसऱ्याचं. आजही सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्याची हद्द बऱ्याच ठिकाणी तीच वारणा आहे. बांध कुठला हे एकदा नीट ठरलं की किती टिकतं ते बघा.

आता रोजच्या बोलण्यातला खरा शब्द, मिटणं. आपल्याकडं शेतात, बाजारात, बायकांच्यात कुणी समेट झाला म्हणत नाही, मिटलं म्हणतात. पण ह्या एका क्रियापदाची रूपं नीट ऐका, सगळी गोष्ट त्यात असते. "भांडण मिटलं" म्हणजे आपसूक, कुणी कमी नाही कुणी जास्त नाही. "मिटवलं" म्हणजे कुणीतरी मधे पडलं, पंच, मामा, सरपंच. "मिटवून घेतलं" म्हटलं की समजायचं बोलणाऱ्यानं पदरचं काहीतरी सोडलंय. "मिटवायला लावलं" म्हणजे दाब आला होता, आणि ते परत उसवणार. माझ्याकडं कुणी येऊन म्हटलं की "मॅडम, तंटामुक्तीत मिटवलंय" तर मी विचारते, तुम्ही मिटवलं का मिटवून घेतलं? तिथंच डोळ्यात पाणी येतं कधीकधी. (तंटामुक्ती म्हणजे 15 ऑगस्ट 2007 ला सुरू झालेली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम, तुमच्याच तालुक्यातले आर. आर. आबा तेव्हा गृहमंत्री होते. तेव्हापासनं "तंटामुक्तीत घेतलं" हा बोलण्यातलाच शब्द झालाय.) आणि मिटवामिटवी हा शब्द आला की कान टवकारायचे, त्यात काहीतरी झाकलेलं असतं.

फौजदारीत पण हाच शब्द आहे. बांधावरच्या भांडणात दोन्हीकडनं एकमेकांवर तक्रारी झालेल्या असतात, तुमच्यातही असतील. लोक म्हणतात केस मागं घेतो, पण पोलिसांनी दाखल केलेला गुन्हा फिर्यादीला असा मागं घेता येत नाही. कायद्याच्या मराठीत त्याला आपसात मिटवणं म्हणतात, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 320 होतं, 1 जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं 359. साधी मारहाण, धमकी असले गुन्हे त्यात बसतात, काहींना कोर्टाची परवानगी लागते. आणि असं मिटलं की त्याचा परिणाम निर्दोष सुटल्यासारखा होतो, हे दोन्ही घरांतल्या नोकरी शोधणाऱ्या पोरांसाठी फार मोठं आहे.

एका शब्दावर मी थोडी रागानंच लिहिणार आहे, जुळवून घेणं. हा शब्द मी 24 वर्षांत पुरुषाला उद्देशून म्हटलेला हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या वेळा ऐकला. बाईला माहेरी सांगतात जुळवून घे, सासरी सांगतात जुळवून घे, मधे बसलेले पंच सांगतात पोरी जरा जुळवून घे. दोन कड्या जुळायच्या तर दोन्ही हलायला पाहिजेत. नवराबायकोच्या केसमध्ये समेट झाला म्हणजे ती नांदायला गेली असा अर्थ लोक काढतात, तोसुद्धा मला मान्य नाही. जिथं मारहाण आहे तिथं तिला आधी सुरक्षित राहू द्या, समेट हा शब्द तिच्या तोंडनं आला तरच खरा. सन्मानानं वेगळं होणं आणि पोरांच्या शाळेचं दोघांनी मिळून बघणं हाही मी समेटच धरते.

पेपरातले शब्द पेपरातच बरे. दिलजमाई, हातमिळवणी, मनोमिलन. मनोमिलन हा शब्द साताऱ्यात तर इतका रुळलाय की चहाच्या टपरीवरचा माणूससुद्धा वापरतो, नगरपालिकेतल्या सातारा विकास आघाडी आणि नगर विकास आघाडीचे दोन राजे एकत्र आले की मनोमिलन, लांब गेले की मनोमिलन तुटलं. पुढाऱ्यांना तो शोभतो. तात्यांना "आपलं मनोमिलन व्हावं" असं लिहिलंत तर त्यांना वाटेल पोरगं पेपर वाचून बोलतंय. मांडवली, सेटलमेंट, तोडपाणी हे तर भावकीत तोंडातनंसुद्धा काढू नका, त्यात पैशाचा आणि दमदाटीचा वास आहे, आणि कुणी मधला माणूस "मॅटर सेटल करून देतो" म्हणत आला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

मग थोरल्या माणसाशी बोलायचं कशानं? आपल्या भाषेत ह्यासाठी फार सुंदर बोलणी आहेत आणि त्यात भांडणाचं नाव पण घ्यावं लागत नाही. "चुकलं असंल तर पोटात घाला." "पदरात घ्या." "झालं गेलं गंगेला मिळालं." पोटात घालणं हे माफ करण्यापेक्षा वेगळं आहे, माफ करणारा वर बसतो आणि मागणारा खाली, पोटात घालताना मात्र आईच्या पोटासारखी माया येते, म्हणून ते फक्त लहानानं मोठ्याला म्हणायचं. थोरल्यानं धाकट्याला पोटात घाल म्हणू नये, थोरला म्हणतो "जाऊ दे रं" आणि तेवढ्यात सगळं येतं. माफी मागा असं वडलांना तुम्ही सांगू नका, माफी हा शब्द कोर्टात आणि शाळेत ठीक आहे, साठीच्या दोन भावांत तो दगडासारखा पडतो.

आणि बघा, अबोल्याला आपण सुटला म्हणतो, गाठ सुटल्यासारखा. पूर्ण बोलणं व्हायच्या आधी तो सुटतो. बेदाण्याच्या शेडवर "ताडपत्री हाय का" असं विचारल्यानं सुटतो, दसऱ्याला आपट्याचं पान हातात ठेवल्यानं सुटतो, संक्रांतीचा तिळगूळ पोरांच्या हातनं पाठवल्यानं सुटतो. वडील धाकटे आहेत, त्यामुळं रीतीनं पहिलं पाऊल त्यांचं, पण निरोप तात्यांनी आधी धाडलाय म्हणजे थोरल्यानं ती रीत स्वतःहून बाजूला ठेवलीय. हे वडलांना जरूर सांगा, इतकं सोपं नसतं ते.

मेसेज तुम्ही असा करा, स्वतःच्या नावानं, घरच्या ग्रुपवर मात्र अजिबात नको, फक्त तात्यांना:

"तात्या, निरोप मिळाला. बाबा बोलायला तयार आहेत. बांधाचं आणि पाळीचं वकिलांसमोर बसून मोजणी बघून ठरवू. त्याच्या आधी रविवारी सकाळी मी आणि बाबा तुमच्याकडं चहाला येतो. काकूंना सांगा, बाबांना बिनसाखरेचा लागतो आता."

ह्यात समेट नाही, तडजोड नाही, मिटवू पण नाही. शेवटची ओळ काढू नका. चार वर्षांत भावाला साखर झाली हे तात्यांना ठाऊक नसणार.